चुकलेलं पान

सनोबर कलमकशला शिवता येत नसे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून लोक विचारतात, एवढी नक्षीवाली बाई आणि नवऱ्याच्या अंगरख्याचं बटण लावायला शेजारणीकडे कशी जायची? जायची. खुशाल जायची. हातात सुई आली की तिचा चेहरा दात काढायला बसवलेल्या माणसासारखा व्हायचा. एक टाका पूर्वेला, दुसरा पश्चिमेला. तिची नणंद हनिफा, जिच्या जिभेला जन्मापासून हाड नाही, ती तर चारचौघांत म्हणायची, "आमच्या केलिनच्या शिवणीवरून कोंबडी चालली ना, तर कोंबडी लंगडेल." केलिन म्हणजे घरात आलेली नवी सूनबाई. सनोबरच्या डोक्याचे केस पिकायला लागले तरी हनिफाच्या लेखी ती नवीच.

पण तिच्या हातात वेताची लेखणी द्या आणि पुढ्यात काजळीच्या शाईची वाटी ठेवा, मग बघा. समरकंदजवळच्या आमच्या उर्गुतात मुलगी जरा मोठी झाली की घरात सुझनीचा विषय निघतो. लग्नाच्या पलंगावर घालायची भरतकामाची मोठी चादर ती सुझनी. भरणाऱ्या बायका गल्लोगल्ली सापडतील. पण कोऱ्या कापडावर आधी नक्षी कुणीतरी रेखायला नको? ती रेखते ती कलमकश. अशी बाई अख्ख्या मोहल्ल्यात एखादीच असते, आणि ती घरी आली की बायका तिला गादीवर बसवतात, तिच्यासमोर ताजी नान मोडतात आणि पोरांना अंगणाबाहेर हाकलतात.

हातमागाचं कापड अरुंद. म्हणून चार पट्ट्या कच्च्या दोऱ्याने जोडायच्या, अंगणात पसरायच्या, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि कलमकशने त्यावर एका दमात अख्खी नक्षी काढायची. मोठी वर्तुळं, डाळिंबं, वेली, नजर लागू नये म्हणून मिरच्या. शाई वाळली की कच्चा दोरा उसवायचा आणि पट्ट्या वेगवेगळ्या घरी पाठवायच्या. एक नवरीकडे, एक तिच्या आईकडे, एक तिच्या आत्याकडे आणि एक खोलाकडे, म्हणजे मावशीकडे. वर्ष-दीड वर्ष ज्या त्या घरी ती ती पट्टी भरली जाते. मग एक दिवस ठरवून सगळ्या एकत्र येतात आणि चारही पट्ट्या पुन्हा जोडतात. मधोमध कापलेल्या वर्तुळाचा एक अर्धा भाग कुणाच्या घरी विटेसारखा लाल झालेला असतो, दुसरा कुणाच्या घरी डाळिंबासारखा. कापडही ज्याच्या त्याच्या हाताने ओढलं गेलेलं. अर्धं अर्ध्याला नीट भेटत नाही, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. सनोबरला मात्र वाटायचं. तिची वर्तुळं भेटायची, असा तिचा दावा होता, आणि नाही भेटली तर दोष भरणारीचा.

हे काम तिला आईने, आयशाबीबीने शिकवलं. आयशाबीबी फार बोलायची नाही. तिचा एकच दंडक होता: काढलेली रेघ पुसायची नाही. पुसताही येत नाही म्हणा, ती शाई धुतल्याशिवाय जात नाही आणि कोरं कापड धुतलं की त्याची कांजी जाते. मग हात घसरला तर काय? "पान काढायचं," आयशाबीबी म्हणायची. वेल जिथे भरकटली तिथे एक पान काढायचं, की झालं. वेलीला पान असणारच. कुणाला शंका येत नाही.

आता उर्गुतचे लोक म्हणजे कुठून काय उचलतील सांगता येत नाही. हे 'पान काढणं' बायकांकडून पुरुषांत गेलं, पुरुषांकडून बाजारात गेलं. एखाद्याने आपली चूक साळसूदपणे झाकली की लोक म्हणतात, पान काढलं. सनोबरचा नवरा इस्मत एकदा कुणाच्या लग्नाहून पहाटे झिंगत आला आणि मोटारीचं चाक बसल्याची कथा सांगायला लागला. सनोबरने कुशीवर वळून एवढंच विचारलं, "पान काढताय का?" इस्मत गपगुमान जाऊन झोपला. बिचारा स्वभावाने गरीब होता.

सनोबरची धाकटी बहीण रोहत. लहानपणी सनोबर नक्षी काढायला बसली की रोहत कापडाच्या कोपऱ्यावर दगडाऐवजी स्वतः बसायची. सनोबरची लेखणी जिथे जाईल तिथे हिचे डोळे. आणि नक्षी पूर्ण झाली की दोघींचा एक खेळ असायचा. सनोबर विचारायची, "सांग, चुकीचं पान कुठलं?"

सगळ्या कापडावर पानंच पानं. रोहत गुडघ्यांवर रांगत जायची आणि बोट ठेवायची. "हे."

"कशावरून?"

"इथे तुझा श्वास अडकला होता, ओपा." ओपा म्हणजे ताई.

दर वेळी बरोबर. आयशाबीबीला ओळखता यायचं नाही, जिने ही युक्ती शिकवली तिला! खुद्द सनोबरला महिन्याभराने विचारलं तर आठवायचं नाही. रोहतला कळायचं.

रोहतच्या हाताबद्दल तर बोलायलाच नको. तिने भरलेलं कापड उलटं केलं तरी सुलटं वाटायचं. त्यामुळे पुढे दोघींची जोडीच झाली. थोरली काढणार, धाकटी भरणार. मुलींच्या आया दोघींना एकदमच आमंत्रण द्यायच्या, एका तबकात दोन नान आणि खडीसाखर. सनोबरच्या स्वतःच्या लग्नाची सुझनीसुद्धा आईची पट्टी सोडली तर सगळी रोहतने भरली, कारण सनोबरच्या वाट्याची पट्टी सनोबरने भरली असती तर वऱ्हाड परत गेलं असतं. असं हनिफाचं म्हणणं, पण या वेळी ते सगळ्यांना पटत होतं.

मग दिवस पालटले. रोहतचा नवरा कामाला रशियात गेला आणि तिकडचाच झाला. रोहतच्या पदरात तीन पोरं. त्याच सुमारास आमच्या बाजारात परदेशी पाहुणे यायला लागले आणि समरकंदचा एक दुकानदार रोहतच्या दारात येऊन बसला. त्याला सुझन्या हव्या होत्या, पण सगळ्या एकसारख्या. एकीवर गिऱ्हाइकाने बोट ठेवलं की तशीच दुसरी काढून देता यायला हवी. रोहतने काय केलं, सनोबरने काढलेल्या एका चादरीवर मेणकागद अंथरला, नक्षी जशीच्या तशी उतरवली, रेघांवर सुईने भोकं पाडली आणि कोळशाची पूड चोळून ती हवी तितक्या कापडांवर उठवायला सुरुवात केली. अंगणात पोरी बसवल्या भरायला. घर चालायला लागलं.

सनोबरला यातलं काही माहीत नव्हतं. ती बाजारात मिरी आणायला गेली होती. चिनारांच्या खाली सुझनीवाल्यांची रांग असते, तिथे तिला स्वतःचं वर्तुळ दिसलं. बरं वाटलं तिला. दोन पावलांवर तेच वर्तुळ पुन्हा. मग पुन्हा. मग तिने पाहिलं की प्रत्येकीवर डाळिंबाच्या डाव्या अंगाला तेच एक पान आहे. ते पान तिला चांगलं आठवत होतं. ते काढलं त्या दिवशी आईला दफन करून आठवडा झाला होता आणि हात थाऱ्यावर नव्हता. तिची ती चूक दोरीवर एकीशेजारी एक टांगली होती आणि वाऱ्याने हलत होती.

मिरी तशीच राहिली. ती मूळ चादर रोहतनेच भरली होती. सनोबर तरातरा रोहतच्या घरी गेली. रोहत त्या वेळी दारातच होती, आणि दार रस्त्यावर उघडत होतं, म्हणजे पुढचं सगळं चव्हाट्यावर झालं.

"नक्षी उतरवलीस त्याचं एक वेळ जाऊ दे," सनोबर म्हणाली. "पण ते पान? तुला माहीत होतं ना ते चुकीचं आहे?"

"होतं माहीत."

"मग गाळलं का नाहीस?"

"गिऱ्हाइकाला काय कळतंय त्यातलं!"

झालं. सनोबरच्या अंगाचा तिळपापड झाला. "तू नुसती सुई आहेस, रोहत. सुईला नेढं असतं. डोळे नसतात."

शेजारणी भिंतीवरून वाकून ऐकत होत्या. रोहतने जे उत्तर दिलं ते आजही लोकांना पाठ आहे. "आणि तू काय आहेस, ओपा? तुझी रेघ पहिल्या पाण्यात जाते. उरतो तो माझा दोरा. म्हाताऱ्या आपली चादर दाखवून सांगतात, ही माझ्या आईने भरली, ही आत्याने भरली. काढली कुणी, सांगतं का कुणी? विचारतं का कुणी?"

सनोबर आली तशी परत फिरली. खोटं असतं तर ती बोलली असती. हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

त्या दिवसापासून अबोला. दोघींची घरं एकाच पाटाच्या दोन बाजूंना, मध्ये एक लाकडी साकव. पण सनोबर खालच्या अंगाने फिरून जायची. लग्नकार्यात दोघी एकाच दस्तरखानावर, म्हणजे जेवणाच्या एकाच चादरीवर, येऊ नयेत म्हणून यजमानीण आधीपासून डोळ्यांत तेल घालून बसायची. हळूहळू लोकांना त्याचीही सवय झाली. रोहतचं अंगण भरत गेलं, सनोबरची आमंत्रणं कमी कमी होत गेली, कारण कोळशाचा छाप स्वस्त आणि झटपट पडतो. तरी जुन्या घरांतून तिला बोलावणं यायचंच. ती जायची, काढायची आणि काढून झालं की नकळत कापडाच्या कोपऱ्याकडे बघायची. तिथे दगड असायचा. तिला बहिणीची आठवण यायची, फार यायची. पण हे ती इस्मतजवळसुद्धा कबूल करायची नाही.

अशात सनोबरच्या एकुलत्या एक मुलीचं, गुलरुखचं, लग्न ठरलं. मुलगा टपाल गाडीवर चालक, घर कताकुरगानच्या बाजूचं, सासू म्हणे कडक. द्राक्षं उतरली की लग्न, असं पक्कं झालं. म्हणजे हातात वर्षभर होतं.

सनोबरने स्वतःच्या अंगणात स्वतःच्या मुलीसाठी चार पट्ट्या पसरल्या. तीन पट्ट्यांवरून हात पाण्यासारखा गेला. चौथी खोलाची. त्या पट्टीवर ती आली आणि डाळिंबाचा देठ काढता काढता मनात काय आलं कोण जाणे, लेखणी घसरली. तिने पान काढलं. चांगलं झालं पान, इतर पानांच्या रांगेत चपखल बसलं. तिने कोपऱ्याकडे पाहिलं, तिथला दगड पाहिला आणि शाईची वाटी झाकून ठेवली.

"ही पट्टी तिच्याकडे पाठवणार?" हनिफाने डोळे मोठे केले. "अगं केलिन, ती हिच्यावर मेणकागद घालेल आणि उद्या तुझ्या पोरीची चादर अख्ख्या बाजारात टांगलेली दिसेल!"

"रीत आहे म्हणून पाठवतेय," सनोबर म्हणाली.

"पान काढतेस," इस्मत चहाच्या वाटीत बघत पुटपुटला. आयुष्यात एकदा त्याला हे बायकोला म्हणायची संधी मिळाली आणि त्याने ती सोडली नाही.

पट्टी घेऊन गुलरुख गेली आणि लगेच परत आली.

"काय म्हणाली?" सनोबरने पीठ मळता मळता विचारलं, जणू सहज.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"चहा दिला. जर्दाळू दिले. पट्टी उलगडून बघितली, पुष्कळ वेळ बघितली. मग म्हणाली, ठेव तिथे."

सनोबर पीठ मळत राहिली. त्या दिवशीची नान दगडासारखी झाली.

वर्ष सरत आलं. गुलरुखची पट्टी आधी तयार झाली, पोरीचा हात बरा होता, मावशीवर गेला होता. हनिफाची आली, तिने मध्येच कुठूनसा भडक हिरवा दोरा घातला होता आणि त्याबद्दल ती ऐकून घ्यायला तयार नव्हती. सनोबरने आईची पट्टी स्वतः भरली. शेजारणीला देता आली असती, पण दिली नाही. वर्षभर बोटं टोचून घेतली. गुलरुख गुपचूप निम्मे टाके उसवून पुन्हा घालायची. तरी पट्टी पाहून हनिफा म्हणाली, "असू दे, पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला ही टाकू."

खोलाची पट्टी आली नाही.

द्राक्षं गोड व्हायला लागली तशी हनिफाने उचल खाल्ली. "नवं कापड घे, नवी पट्टी काढ. माझ्या सुना भरून देतील. मोठे मोठे टाके घालतील, पण भरतील. रिकाम्या हातांनी पोर पाठवणार आहेस का? ती सासू पहिल्या दिवशी विचारेल, मावशीची पट्टी कुठे? मावशी मेली का? काय सांगणार?"

सनोबर म्हणाली, "नाही काढणार."

"का?"

"नाही काढणार म्हटलं ना."

त्यावर गुलरुखच उसळली. इतके दिवस मूग गिळून बसली होती. "का नाही काढणार? तुम्ही दोघी भांडलात तेव्हा मी शाळेत होते, आई! माझा काय संबंध? तुमच्या भांडणात माझी चादर तीन पायांची!"

सनोबरने लेकीकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मनातलं बोलून टाकलं. "मी दुसरी काढली की ती म्हणेल, बघा, माझ्यावाचून अडलं नाही यांचं. मग ती कधीच येणार नाही. आणि माझं अडलंय गं. तुझ्या चादरीचं नाही. माझं."

गुलरुखने ऐकून घेतलं. पण चेहरा काही मवाळ झाला नाही. तिचं तरी काय चुकलं? लग्न तिचं होतं.

दुसऱ्या दिवशी सनोबर डोक्याला नवा रुमाल बांधून निघाली. या वेळी खालच्या अंगाने नाही, थेट साकवाकडे. साकवावर उभं राहिलं की रोहतचं अंगण दिसतं. पोरी ओळीने बसून छापाच्या चादरी भरत होत्या, रोहत त्यांच्यामध्ये फिरत कुणाला काही सांगत होती. केस तिचेही पिकले होते. सनोबर कठड्याला धरून उभी राहिली. मग वळली आणि वाटेत पालकाची जुडी घेऊन घरी आली.

"पालक घरात होता," इस्मत म्हणाला.

"असू दे."

अखेर तिने लेकीला शब्द दिला. जोडणीच्या दिवशी दुपारच्या नमाजापर्यंत वाट बघायची. तोवर पट्टी नाही आली तर सगळ्यांदेखत नवी काढायची आणि हनिफाच्या सुनांच्या हवाली करायची. गुलरुखने मान हलवली. हनिफाने सुनांना तयार राहायला सांगितलं.

जोडणीच्या दिवशी अंगणात बायका जमल्या. अंगणाच्या टोकाला इस्मत मोठ्या कढईत पुलाव करत होता, गाजरं चिरून झाली होती, मांस परतायला पडलं होतं. तीन पट्ट्या पसरल्या. तिन्ही मिळून बऱ्या दिसत होत्या, फक्त एका कडेला दोन अर्धी वर्तुळं उघडीच राहिली होती. बायका त्या कडेकडे न बघण्याचा प्रयत्न करत गप्पा मारत होत्या. मशिदीतून अजान झाली. कुणी काही म्हणालं नाही. हनिफासुद्धा नाही, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं.

सनोबरने कोरी पट्टी कडेला लावून अंथरली. कच्चा दोरा गुलरुखने घातला. शाईची वाटी उघडली, लेखणी बुडवली आणि ती गुडघ्यांवर बसली. लेखणी कापडाला टेकवायची तेवढ्यात फाटकाची कडी वाजली आणि रोहत आत आली. काखेत गाठोडं.

"सलाम," ती सगळ्यांना मिळून म्हणाली आणि गाठोडं सोडून पट्टी कापडावर टाकली, सनोबरच्या लेखणीपासून वीतभर अंतरावर. शाईचा एक थेंब कोऱ्या पट्टीवर पडला. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पट्टी उलगडली आणि बायकांनी तोंडात बोटं घातली. असं काम आमच्याकडे फार वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. रोहतने दुकानासाठी भरावं तसं ते नव्हतं. टाके इतके बारीक की भरलंय की विणलंय कळू नये. डाळिंब फुटेल की काय असं वाटत होतं. हिला इतका उशीर का झाला ते पट्टीच सांगत होती.

हनिफा मात्र हनिफाच. ती वाकून एक एक पान तपासत गेली आणि एका जागी थांबली. "अरेच्चा! हे राहिलं की."

देठाजवळचं एक पान आतून रिकामं होतं. भरलेलंच नव्हतं. फक्त त्याची कड काळ्या दोऱ्याने शिवलेली.

"रीत आहे," रोहत म्हणाली. "थोडं राहू द्यावं लागतं. सगळं संपवू नये."

"ते माहितेय गं. पण ते कोपऱ्यात ठेवतात, किनारीला. असं मधोमध, नवरीच्या छातीवर?"

सनोबर पट्टीवर वाकली होती. तिला डोळ्यांवर विश्वास बसेना. तेच पान. तिच्या हाताने घसरून झालेलं, चांगलं जमलेलं, कुणालाही शंका येऊ नये असं. दोरा तिच्या रेघेवरून, अगदी तिच्याच रेघेवरून गेला होता. लेखणी जिथे दाबली गेली होती तिथे टाका जाड होता, जिथे उचलली गेली होती तिथे केसासारखा. हा दोरा म्हणजे तिची रेघच होती, आणि ती आता धुवून जाणार नव्हती.

"कसं ओळखलंस?" तिने मान वर न करता विचारलं. बहिणीशी बोललेले इतक्या वर्षांतले हे तिचे पहिले शब्द.

"श्वास अडकला होता तुझा."

मग रोहत खाली बसली, कापडाच्या कोपऱ्यावर, दगड बाजूला सारून. "बाजारातल्या त्या चादरींवर," ती खालच्या आवाजात म्हणाली, "ते पान मी मुद्दाम राहू दिलं होतं, ओपा. तुझी खूण म्हणून."

सनोबरने आता मान वर केली. "पान काढतेस?"

रोहतने थोडा विचार केला. "हो," ती म्हणाली. "काढतेय."

पहिल्यांदा हसली ती गुलरुख. मग बायका. सनोबर हसली की रडली हे सांगणं कठीण होतं, तिने रुमालाचं टोक तोंडावर धरलं होतं. कोरी पट्टी कुणीतरी गुंडाळून ठेवली, आणि काहीतरी करायला हवं म्हणून सनोबरने शेजारची सुई उचलली आणि पट्ट्या जोडायला घेतल्या. दोन टाके घातले असतील नसतील.

"सोड ती सुई!" रोहत ओरडली. "तुझ्या टाक्याने पोरीचा पलंग मोडेल."

"माझ्या घरी येऊन मला सांगतेस?"

"कुणीतरी सांगायला हवंच होतं इतकी वर्षं!"

तिने सुई हिसकावून घेतली आणि जोडणी भराभर पुढे नेली. वर्तुळाच्या जागी आली आणि थांबली. दोन्ही अर्धी एकमेकांना भेटत नव्हती. बोटभराचा फरक पडला होता.

"कापड ओढलंस तू," सनोबर म्हणाली.

"मी ओढलं? तूच वाकडं काढलंयस."

"माझी वर्तुळं वाकडी नसतात!"

"मग हे काय आहे? आणि ही तुझी पट्टी बघ, ही भरली आहे की उंदराने कुरतडली आहे?"

हनिफाने मध्ये तोंड घालायचा प्रयत्न केला, तर दोघींनी एकदमच तिला गप्प केलं. बायका उठल्या, दस्तरखान मांडलं, नान मोडली. इस्मतने पुलाव वाढून आणला आणि दोनदा हाका मारल्या. दोघींपैकी एकीनेही वळून पाहिलं नाही. इतक्या वर्षांचं भांडण साचलं होतं, ते पुलाव गार होईपर्यंत चाललं.